पीएचडीवाल्याने रविवारी मॅच खेळावी का? (विरोधी मतं चालतील)

सिली_पॉइंट (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. मी केमिस्ट्रीत पीएचडी करतोय, मुंबईतच, तिसरं वर्ष चालू आहे आणि पावसाळ्यात रविवारी कांगा लीगचं क्रिकेट खेळतो. खालच्या डिव्हिजनला, त्यामुळे कोणी लगेच वानखेडेची स्वप्नं वगैरे काढू नका. आमच्या लॅबमध्ये सध्या असं वातावरण आहे की रविवारी जो येत नाही तो सिरियस नाही. येणारे येऊन काय करतात तर अकराला चहा, एकला डबा, मग टीएलसीच्या (रिॲक्शन कुठवर आली ते बघायच्या) दोन प्लेटा लावायच्या आणि चारला घरी. पण आला ना, दिसला ना, मग झालं.

माझं म्हणणं असं की संशोधन करणाऱ्याला खेळ पाहिजेच आणि तो फिटनेससाठी नाही, फिटनेससाठी दादरचा ब्रिज संध्याकाळी सहाला एकदा चढला-उतरला तरी भागतं. कारण वेगळं आहे. पीएचडीत आज लावलेल्या रिॲक्शनचं काय झालं हे कधी कधी आठवडाभर कळत नाही, एनएमआरचा (रेणूची रचना दाखवणाऱ्या मशीनचा) स्लॉट मिळेपर्यंत थांबा, आलेखातले पीक भलतीकडेच आले तर परत पहिल्यापासून, पेपर पाठवला की रिव्ह्यूवर सहा सहा महिने गप्प. आपलं बरं चाललंय की वाट लागली आहे हे सांगणारं कोणीच नसतं. मैदानावर साडेपाचला कळतं. शून्यावर बोल्ड तर बोल्ड, स्कोअरबुकात लिहिलं गेलं, शिव्या खाल्ल्या, विषय संपला. त्याच दिवशी निकाल लागतो असं काहीतरी आयुष्यात असल्याशिवाय पाच-सहा वर्षं डोकं जागेवर राहत नाही, हे माझं ठाम मत आहे.

ज्यांना कांगा माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४८ पासूनची स्पर्धा, डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची, मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली. पीच ओलं, एक बॉल गुडघ्याखाली मरतो तर पुढचा छातीवर येतो, आउटफिल्डला गवत एवढं की चांगला ड्राइव्ह सुद्धा मध्येच अडकतो आणि तुम्ही धावून दोन काढता. आझाद मैदानावर तर आपल्या मिडविकेटला बाजूच्या मॅचचा थर्डमॅन उभा असतो. असं सगळं असून तिथे पंचवीस काढले की आठवडाभर माणूस लॅबमध्ये शीळ घालत फिरतो.

बोला आता.

थिसिस_सबमिटेड

असहमत, आणि तुझ्याच मुद्द्यावरून असहमत. त्याच दिवशी निकाल लागतो हीच तर गडबड आहे रे. ज्याला साडेपाचला निकालाची सवय लागली त्याला महिनाभर न लागणारा निकाल बोअर व्हायला लागतो. मी आमच्याकडे हेच बघितलंय, पोरं सोमवारी येतात ती रविवारच्या मॅचवर बोलत, मंगळवारी अंग दुखतंय, गुरुवारपासून पुढच्या मॅचच्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू. म्हणजे तू म्हणतोस रविवार, प्रत्यक्षात जातो अख्खा आठवडा. संशोधन म्हणजे निकालाशिवाय बसायची तयारी. ती तयारी नसेल तर एमएस्सी करून नोकरी धरावी, त्यात वाईट काही नाही.

मी स्वतः फुटबॉल खेळायचो, रजिस्ट्रेशन झालं त्या महिन्यात बंद केला आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

चर्चगेट_स्लो

धागाकर्त्याला +१.

थिसिस भाऊ, नील्स बोरचा भाऊ हाराल्ड बोर. गणितज्ञ. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉल खेळला, सेमीफायनलला यांनी फ्रान्सला १७-१ असं धुतलं आणि शेवटी सिल्व्हर मेडल. १९१० मध्ये त्याचा डॉक्टरेटचा व्हायवा होता तेव्हा हॉलमध्ये गणितवाल्यांपेक्षा फुटबॉलचे फॅनच जास्त होते असं सांगतात. अलीकडचं पाहिजे असेल तर ॲना किसेनहोफर, ऑस्ट्रियाची, गणितात पीएचडी, कुठल्या प्रोफेशनल टीमकडून खेळत नव्हती, टोकियो ऑलिंपिकला सायकलिंगच्या रोड रेसमध्ये गोल्ड. सुरुवातीपासून एवढी पुढे निघून गेली की मागून दुसरी आलेली डच बाई आपणच जिंकलो समजून हात वर करत होती.

शिवाय २०११ चा एक अभ्यास आहे की वर्षभर नियमित चालल्याने मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीवाला भाग, २ टक्क्यांनी वाढला. विज्ञानच सांगतंय, अजून काय पाहिजे.

थिसिस_सबमिटेड

अहो स्लोसाहेब, तो अभ्यास मीही वाचलाय. त्यातली १२० माणसं ५५ ते ८० वयाची होती आणि त्यातली निम्मी आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालत होती. कांगा लीग खेळत नव्हती. म्हणजे त्या पेपरवरून फार तर एवढं सिद्ध होतं की धागाकर्त्याच्या गाईडने रोज फिरायला जावं.

आणि किसेनहोफरची पीएचडी २०१६ ला झाली, गोल्ड मिळालं २०२१ मध्ये. आधी सबमिट केलं, मग गोल्ड. मी तरी वेगळं काय सांगतोय?

मिसळपाव_नको_तर्री_हवी

😂😂 गाईडने फिरायला जावं!! वडापाव घेऊन बसलोय, चालू द्या.

गाईड_बोलतेय

मी गाईड आहे, सायन्सचीच, त्यामुळे राहवत नाही.

आधी नियम. युजीसीच्या २०२२ च्या रेग्युलेशनप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, पुढे री-रजिस्ट्रेशन करून अजून २. फेलोशिप मात्र ५ वर्षांचीच. म्हणजे उशीर झाला की पहिला फटका पोरांच्याच खिशाला बसतो, आमच्या नाही. फेलोशिपवाल्यांना वर्षाला ३० दिवस रजा आहे आणि सरकारी सुट्ट्या वेगळ्या. तेव्हा रविवारी लॅबला या अशी सक्ती कोणी करत असेल तर ते चूक आहे, हे मी गाईड असून सांगते.

आता आमची बाजू पण ऐका. सोमवार ते शनिवार मी लेक्चर, पेपर तपासणी, ॲडमिशन आणि नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली यातच असते. एखाद्या मुलासमोर निवांत बसून त्याचा स्पेक्ट्रम (मशीनचा आलेख) बघायचा तर मला वेळ मिळतो तो रविवारीच, आणि नेमका तेव्हा तो मैदानावर. मग बुधवारी दोन लेक्चरच्या मधे जिन्यात गाठून मॅडम हे जरा बघता का. काय बघणार मी जिन्यात?

दुसरं म्हणजे बोटं. ओल्या पीचवर कीपिंग करून आमच्याकडच्या एकाचं बोट मोडलं, उजव्या हाताचं. पुढचे दीड महिने राउंड बॉटम फ्लास्क धरता येईना, सेपरेटिंग फनेल हलवता येईना, कॉलममध्ये (मिश्रण वेगळं करायच्या नळीत) सिलिका भरणं तर सोडाच. त्याची कामं बाकीच्या पोरांनी केली, त्यांचं कौतुक कोणी केलं नाही. तुमचा खेळ तुमचा एकट्याचा नसतो हो, लॅबमध्ये चार जण तुमच्या जिवावर असतात.

टिटवाळा_सेमी

वाचून मजा वाटली. फेलोशिप, रजा, लॅब, मैदान... कुठल्या मुंबईत राहता तुम्ही लोक?

मी मराठीत पीएचडी करतोय, फेलोशिप नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, त्याचे पैसे कधी सहा महिन्यांनी एकदम येतात कधी त्याहून उशिरा. जेआरएफवाल्याला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) महिन्याला ३७ हजार मिळतात, मला त्यातलं शून्य. रविवारी क्लासमध्ये दहावीच्या बॅचेस घेतो कारण घरभाडं त्यातून जातं. जाऊन येऊन तीन तास ट्रेनमध्ये, त्यातला एक उभ्याने, आणि वाचन म्हणाल तर कल्याणला बसायला मिळालं की तिथून पुढे. मला खेळायची हौस नाही का? कॉलेजच्या टीमला ओपनिंग बॉलिंग करायचो. पण "संशोधकाने खेळावं की नाही" हा प्रश्नच ज्याला पडू शकतो तो आधीच सुखात आहे. तुम्ही हक्क हक्क करताय त्याला आमच्याकडे चैन म्हणतात.

सिली_पॉइंट

टिटवाळाभाऊ, तुमच्या पैशांचं वाईट आहेच आणि त्याबद्दल वाद नाही, तासिकावाल्यांचं जे चाललंय त्यावर वेगळा धागा व्हायला पाहिजे. पण चैन हा शब्द मला लागला. मैदानातलं क्रिकेट ही या शहरातली त्यातल्या त्यात स्वस्त गोष्ट आहे हो. टर्फवर जा, तासाला हजार-दीड हजार मोजा, दहा जण जमवा, वर एसी कॅफे. आमच्या क्लबात निम्मं किट सामायिक आहे, माझे पॅड माझ्या आधी किमान तिघांनी घातलेत आणि त्यांचा वास पण सामायिक आहे. बॅट सेकंडहँड. किटबॅग घेऊन विरारला चढायचं म्हणजे "ए भाऊ, ती तिजोरी वर ठेव" पासून सुरुवात, रॅकवर मावत नाही म्हणून दरवाज्यात उभा राहून बॅग पायात धरायची. याला चैन म्हणत असाल तर म्हणा.

गाईड मॅडम, बोटाचा मुद्दा मान्य करायला लागेल असा आहे पण मग बाइकवरून येणाऱ्यांनाही बंदी घाला, आमच्याकडे त्यातून मोडलेली हाडं जास्त आहेत.

बॅकफूट_पंच

एक मुलगी बोलू का मध्ये? सोशिऑलॉजी, पीएचडी, हॉस्टेलला राहते.

इथे सगळे धरून चाललेत की खेळणारा म्हणजे मुलगा. मला पण रविवारी खेळायचंय. सकाळी दहा ते साडेपाच मैदानावर राहायचं तर बाथरूम कुठे? कपडे कुठे बदलायचे? मुलं झाडाखाली टॉवेल गुंडाळून मोकळी होतात. आम्ही हॉस्टेलवरूनच ट्रॅकपँट घालून निघतो आणि दिवसभर पाणी कमी पितो, मुंबईच्या उकाड्यात. हा कोणाच्याच धाग्यात येत नाही असा मुद्दा आहे.

आणि बघण्याबद्दल पण बोलायचंय कारण त्यालाही लोक टाइमपास म्हणतात. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबईत महिला वर्ल्डकपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाने ३३८ केलेले. मला दुसऱ्या दिवशी चॅप्टर द्यायचा होता आणि मी कॉमन रूममध्ये लॅपटॉप मांडीवर ठेवून एकही ओळ न लिहिता जेमिमा रॉड्रिग्जचे नाबाद १२७ बघितले. वांद्र्याची पोरगी, आपल्या ट्रेननी फिरलेल्या शहराची, आणि त्याच स्पर्धेत तिला एका मॅचला बाहेर बसवलं होतं. फायनल तर पावसाने दोन तास उशिरा चालू झाली, संपेपर्यंत मध्यरात्र, आमच्या वॉर्डन बाई आधी ओरडायला आल्या आणि मग दीप्तीची शेवटची ओव्हर उभ्या राहून बघत बसल्या. चॅप्टर दोन दिवस उशिरा गेला. गाईड म्हणाले प्रायॉरिटी काय आहे तुझी. लॅबमधला मुलगा मॅच खेळायला गेला की त्याला "शिस्त" म्हणायचं आणि मी बघितली की प्रायॉरिटी विचारायची, हे कसं काय?

थिसिस_सबमिटेड

ताई, बाथरूमच्या मुद्द्याला शंभर टक्के पाठिंबा. पण गाईडचं काय चुकलं? डेडलाइन होती, चुकली. मी तर खेळणाऱ्यालाही शिस्तीचं म्हणत नाहीये, वरच्या माझ्या पोस्ट वाचा 🙂 मी निदान भेदभाव तरी करत नाही.

तिसरी_चढाई

सगळा धागा क्रिकेटवर चाललाय म्हणून लिहितो. प्रभादेवीचा आहे, कबड्डी, हिस्ट्रीत पीएचडी.

आमच्या लालबाग-परळ-प्रभादेवी पट्ट्यात खेळ म्हणजे डोकं शांत करायचा उपाय वगैरे कधीच नव्हता. आजोबांच्या पिढीत चांगला चढाईपटू म्हणजे गिरणीत नोकरी, नंतर रेल्वे, बँका. आजही राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि आमच्या मंडळातल्या निम्म्या पोरांचा डोळा त्यावर असतो. २०१४ ला प्रो कबड्डी आल्यावर टीव्हीवर दिसायला लागलो तेवढंच नवीन. त्यामुळे टिटवाळाभाऊ, आमच्याकडे खेळणारा पोरगा चैनी नसतो, तो घर चालवायच्या खटपटीत असतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरी पीएचडीलाच चैन म्हणतात. "कबड्डी सोडून पुस्तकं काय वाचतोस, नोकरी कधी लागणार" हे मी रोज ऐकतो.

वेळेचं म्हणाल तर मंडळाचा सराव रात्री साडेआठला चालू होतो, दहाला संपतो. कारण सगळे दिवसभर कामाला असतात. गिरण्यांच्या काळात पाळ्या बघून सराव ठरायचा, तीच पद्धत राहिली. रविवार अडवायची गरजच पडत नाही, दिवसभर अर्काइव्हमध्ये धूळ खायची आणि रात्री मॅटवर. क्रिकेटचा प्रॉब्लेम असा आहे की त्याला अख्खा दिवस लागतो, वर बावीस माणसं आणि लंच टाइम.

चर्चगेट_स्लो

लंच टाइमला काही बोलायचं नाही. क्लबच्या लंचसाठी अर्धी टीम येते.

टिटवाळा_सेमी

चढाईभाऊ, तुमचं पटलं. रात्री साडेआठला मी दिवा स्टेशनच्या पुढे कुठेतरी असतो, पण पटलं.

गाईड_बोलतेय

तोडगा काढूया का? धागाकर्ते, तुमच्या गाईडना जाऊन सांगा की जुलै ते सप्टेंबर रविवार माझा, बदल्यात बुधवारी संध्याकाळी तासभर तुमचा, डेटा छापून आणेन, जिन्यात गाठणार नाही. नुसतं "मला खेळायचंय" म्हटलं की समोरच्याला पळवाट वाटते. वेळ लिहून दिली की बरेच जण ऐकतात. मी ऐकलं असतं.

फक्त शनिवारी रात्री कॉलम लावून ठेवून सकाळी गायब व्हायचं नाही.

सिली_पॉइंट

मॅडम, हे चालेल. विचारून बघतो. कॉलम शुक्रवारीच संपवतो, शनिवारी फक्त त्यातून निघालेले फ्रॅक्शन्स रोटाव्हॅपला, म्हणजे सॉल्व्हंट उडवायच्या मशीनला.

थिसिस_सबमिटेड

आणि पाऊस पडून मॅच रद्द झाली की? कांगात निम्म्या मॅचेस तशाच जातात. तेव्हा येणार का लॅबला?

सिली_पॉइंट

अजिबात नाही. तेव्हा मैदानाबाहेरच्या टपरीवर कांदाभजी, अकरा जण, अंपायर धरून तेरा.

गाईड_बोलतेय

म्हणजे तुमचा मुद्दा खेळाचा नाहीच, रविवारचा आहे. मग तसा धागा काढा ना, मीही लिहीन. मला तरी कुठे मिळतोय रविवार.