एटीव्हीवर भरलेली बंदूक? जाळीला कड्या ठोकणाऱ्यांशी जरा बोलायचंय

केळीवाला_यावल
काल इथे एका भाऊने फोटो टाकला. बंद पडलेल्या रिसॉर्टची जुनी एटीव्ही (ती चार जाड चाकांची, हँडलवाली उघडी गाडी) घेतलीय, पुढच्या जाळीवर दोन रबरी कड्या बसवल्यात आणि त्यात बारा बोअरची दुनळी आडवी. वर लिहिलंय, ‘भरूनच ठेवतो. डुक्कर आपल्यासाठी थांबत नाही. अमेरिकेत सगळे असंच नेतात.’ खाली ‘एक नंबर भाऊ’चा पाऊस. रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय.

आधी अमेरिका. तिकडे अशा कड्या मिळतात, खरं आहे. पण तिकडच्याच मिशिगनमध्ये एटीव्हीवर रायफल न्यायची तर रिकामी आणि केसमध्ये बंद लागते, नाहीतर चापाला कुलूप. आपण कड्या तेवढ्या उचलल्या, कायदा तिकडेच ठेवला.

आता गाडीवर बसा आणि नळी कुठे रोखलीय ते बघा. डावीकडे. सकाळी सातला शिवाररस्त्याच्या कडेने कोण चालतं? केळी कापणाऱ्या टोळीची माणसं. नळी बरोबर त्यांच्या कमरेला. सेफ्टी लावलेली असते म्हणाल, तर बहुतेक दुनळींची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला काडतुसावर आदळणारा घोडा नाही. आणि एटीव्ही चारीत आदळते तेव्हा आपलेच दात वाजतात, बंदुकीचं काय घेऊन बसलात.

उभी बांधली तर? नळी वर केली की केळीच्या पानात अडकते, खाली केली की चिखल. माझ्या मामांनी हे भोगलंय. राजदूत मोटारसायकलवर पाठीला दुनळी, नळी खाली. पाटाच्या कडेला गाडी घसरली, मामा उठले, धोतर झटकलं, बंदुकीकडे बघितलंही नाही. रात्री मक्यात डुकरांवर बार काढला आणि उजव्या नळीचं टोक केळफुलासारखं उमललं. फाटलं ते टोकाला, म्हणून डाव्या हाताला तेवढी एक चीर. ती नळी अजून आमच्या माळ्यावर आहे. कोणाला बघायची असेल तर या, चहा पाजतो.

दुनळी तीन भागांत सुटते: नळी, दस्ता आणि नळीखालचं लाकूड. सुटी करा, कॅनव्हासच्या पिशवीत घाला, पिशवी पाठीला. काडतुसं खिशात. मचाणाखाली गेलं की जोडा. अर्ध्या मिनिटाचं काम.

एटीव्ही_रावेर
फोटो माझाच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, घाबरतो थोडंच.

तुमचं अर्धं मिनिट मला माहीत आहे भाऊ. बागेत डुक्कर तीस पावलांवर दिसतं आणि दोन श्वासांत पलीकडच्या ओळीत जातं. तुम्ही पिशवीची चेन उघडेपर्यंत ते बऱ्हाणपूरला पोचून जेवायला बसलेलं असतं. माझ्या टिश्यूकल्चरच्या बागेत एका रात्रीत कंद उकरून किती झाडं आडवी केली ते बघायला मामांना पाठवा.

आणि मी एकट्याच्या शेतात फिरतो. मजूर यायच्या आधी.

बोल्ट_३१५
दोघांचंही अर्धं चूक. माझ्याकडे आयुध कारखान्याची .३१५ रायफल. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, निघतो. बोल्ट खिशात, रायफल पाठीवर. गाडी उलटली, पोरगं खेळलं, चोराने पळवली, काही झालं तरी बोल्टाशिवाय ती काठी.

एटीव्हीच्या कड्या मीही लावून बघितल्या होत्या, खोटं कशाला बोलू. महिनाभरात दुर्बिणीचा नेम वीतभर सरकला. सगळ्या गाडीची थरथर तिथेच येते. काळ्या मातीची धूळ बोल्टात जाते ती वेगळीच.

भडगावना_भाऊ
तुम्हनी एटीव्ही, तुम्हनी दुनळी. मन्हाकडे स्प्लेंडर शे नि बापनी ठासणीनी बंदूक. ती काय तीन तुकडास्मा सुटत नही. मंग मी काय करू?

केळीवाला_यावल
@भडगावना_भाऊ ठासणीचीच खरी पंचाईत. एकदा नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासले की बार काढल्याशिवाय ती सहज रिकामी होत नाही, म्हणून लोक भरलेलीच घरी आणतात, भिंतीला टांगतात आणि विसरतात. घरून ठासून निघूच नका. दारू, छर्रे, टोप्या वेगवेगळ्या डब्यांत न्या आणि मचाणावर बसूनच ठासा. बार पेटवणारी टोपी सगळ्यात शेवटी.

@एटीव्ही_रावेर मजूर यायच्या आधी म्हणता, पण फोटोत मागे दोन बाया टोपल्या घेऊन उभ्या दिसतात.

सातपुडा_पक्षी
माफ करा, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे ना? इथे सगळे बोल्ट आणि दुर्बिणी बोलतायत. खरं सांगा, डुक्करच मारता की सशाच्या, तितराच्या मागे फिरता?

एटीव्ही_रावेर
आले. पुण्यातून की नाशकातून?

सातपुडा_पक्षी
जळगाव. आणि माझं पण शेत आहे.

एटीव्ही_रावेर
किती? कुंडीत?

बोल्ट_३१५
त्याचा प्रश्न चूक नाही, उगाच अंगावर जाऊ नका. डुक्कर काय, रोही (नीलगाय) काय, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. पिकाचं नुकसान दाखवून अर्ज करायचा. अभयारण्याच्या हद्दीत तर विचारूच नका. आमच्यातले दहातले नऊ बार हवेत जातात, हाकलायला. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे मारायचा परवाना आहे असं समजणारे आपल्यातही आहेत, हे मान्य करा.

आबा_चोपडा
तुम्ही कुठे कशी न्यायची यावर भांडताय. माझी बंदूक माझ्याकडे असते कधी?

२०२४ चं सांगतो. १६ मार्चला आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा करा. निकाल ४ जूनला, आणायला गेलो तर साहेब नाहीत, उद्या या. ते उद्या दहा दिवस चाललं. हातात आली तेव्हा नळीत गंज, दस्त्यावर पावसाच्या पाण्याचा डाग. साफ केली, तेल दिलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा जमा! मका काढणीला आलेला आणि बंदूक ठाण्यात. डुकरांनी मतदान करून घेतलं माझ्या शेतात. नंतर नगरपालिका. परवाना पाच वर्षांचा केलाय म्हणे. त्यातली किती वर्षं ठाण्याची?

भडगावना_भाऊ
आबा, शंभर टक्का!! मन्हं बी तेच.

माजी_पोलीसपाटील
आबा, सरसकट सगळ्यांची जमा होत नाही. छाननी समिती असते. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत नाव आलेले, यांचं आधी बघतात. पीक संरक्षणाचं कारण लिहून सूट मागता येते. अर्ज केला होता का?

आबा_चोपडा
केला होता. पोच दाखवू? पोच आहे, उत्तर नाही. माझ्यावर साधी एनसी, अदखलपात्र तक्रारसुद्धा, नाही आयुष्यात. आणि गावात ज्यांच्यामुळे निवडणुकीत डोकी फुटतात त्यांच्याकडे परवानाच नसतो, त्यांचं कोण जमा करून घेतं? तुम्ही पाटील होतात, तेव्हा तुम्हीच फोन करायचे ना, ‘आबा, आजच्या आज आणून टाका’ म्हणून?

माजी_पोलीसपाटील
वरून यादी यायची. मी यादी केली नव्हती. माझ्या काळात बंदुका गोणपाटात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून ठेवायला लावल्या होत्या मी, हेही सांगा की.

आबा_चोपडा
गोणपाटच पाणी धरून ठेवतं पाटील! गंज त्यानेच आला!

केळीवाला_यावल
धागा कुठे होता, कुठे गेला. पण आबा, जमा करायला तुम्ही बंदूक नेली कशी? बघा, फिरून विषय तोच.

आबा_चोपडा
एसटीने. गोधडीत गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, ‘आबा, गोधडीचं लगेज तिकीट काढा.’

माजी_पोलीसपाटील
हसण्यावारी नेऊ नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत सरळ आहे: सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. गोधडीत निदान झाकलेली तरी असते, रावेरच्या भाऊंच्या उघड्या कड्या चालणार नाहीत. शेतापर्यंत डांबरी रस्ता लागतो ना? तो सार्वजनिक. आणि पीक संरक्षणाच्या परवान्यावर हद्द लिहिलेली असते. एटीव्ही घेऊन भावाच्या तालुक्यात गेलात तर बंदूक कायदेशीर राहत नाही.

एटीव्ही_रावेर
झालं, आता मी गुन्हेगार. जो माणूस रात्रीच्या लायटीवर पाणी भरायला दोन वाजता एकटा बागेत जातो, त्याच्या समोर डुक्कर उभं राहतं, त्याने पिशवी उघडायची, तीन तुकडे जोडायचे, काडतूस चाचपायचं. दिवसा वीज द्या, मी बंदूक माळ्यावर टाकतो. मामांच्या नळीशेजारी.

सातपुडा_पक्षी
हे मात्र पटलं. माझ्या हरभऱ्यालाही रात्रीचीच पाळी आहे. कुंडीतल्या.

बोल्ट_३१५
😄 लागलं वाटतं.

रावेरभाऊ, एक मधला मार्ग. एटीव्ही बागेत पोचली, इंजिन बंद, पाय जमिनीवर, मग भरा. तुम्हाला डुक्कर गाडीवर बसून थोडंच मारायचंय? इंजिनाच्या आवाजाने ते तसंही आधीच पळालेलं असतं. भरलेली न्यायची घाई ज्यासाठी करताय ते तिथे नसतंच.

एटीव्ही_रावेर
...हे खरंय. एटीव्ही घेतल्यापासून एकही डुक्कर जवळून दिसलं नाही. मला वाटलं कमी झाले.

केळीवाला_यावल
म्हणजे दीड-दोन लाखाचं बुजगावणं घेतलंत तुम्ही.

एटीव्ही_रावेर
बोला, बोला. तुमच्या मामांच्या केळफुलापेक्षा बरं.

बरं, फैजपूरकडे ताडपत्री शिवणारा कोणी आहे का? दुनळीच्या मापाची पिशवी पाहिजे, आत फलाटीन लावलेली. कड्या काढणार नाही पण. त्यात पाण्याचा थर्मास मस्त बसतो.

आबा_चोपडा
दोन शिवायला सांगा. एक माझी. गोधडी घरची लोकं मागतायत.