सिकलसेल शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी करणार असाल तर

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या शिबिरासाठी रॅली, पोस्टर आणि जागेवरच सोल्युबिलिटी चाचणी (रक्त द्रावणात मिसळून करायची झटपट तपासणी) असा बेत मांडला जातोय. रॅलीबद्दल काही म्हणणं नाही, पण चाचणीबद्दल जरा सांभाळून.

या चाचणीत द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात एस हिमोग्लोबिन (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) आहे एवढंच कळतं. माणूस वाहक (एएस, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (एसएस, म्हणजे दोघांकडून आलेला), हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी, लागतेच. पॉझिटिव्ह नमुने त्या तपासणीला पाठवायची सोय आधी करा, मगच शिबिराची तारीख ठरवा. नुसतं 'पॉझिटिव्ह' ऐकून घरी गेलेला वाहक स्वतःला आजारी समजतो, आणि लग्नाच्या बोलण्यांत माहिती लपवली जाते. निकाल एकेकाला बाजूला घेऊनच सांगा.

सहा महिन्यांखालच्या बाळांची ही चाचणी करू नका. गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने निकाल खोटा निगेटिव्ह येतो. तीव्र रक्तक्षयातही तसंच. नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीसुद्धा फसते.

आणखी एक, जे बहुतेक पोस्टरांवर नसतंच: एक जोडीदार एएस आणि दुसरा निगेटिव्ह, म्हणजे निर्धास्त असं नाही. दुसरा बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असेल तर ही चाचणी ते दाखवत नाही, पण मुलाला सिकलसेलचा आजार होऊ शकतो. दोघेही एएस असतील तर मूल रुग्ण (एसएस) असण्याची २५ टक्के शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते. 'चारपैकी एक मूल' असं छापू नका. पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असं लोक धरून चालतात.