मदत हवी आहे: जुन्या सॉफ्टवेअरमधल्या 'सेव्ह'वर कोडमधून क्लिक मारायचंय, पण माऊसचा बाण न हलवता

नमस्कार मंडळी,

मी काही पूर्णवेळ प्रोग्रॅमर नाही, पायथन कामापुरतं येतं. आमच्या गावच्या दूध संस्थेत संकलनाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, व्हीबी सिक्समधलं (व्हिज्युअल बेसिक ६, जुनी प्रोग्रॅमिंग भाषा), ज्यांनी करून दिलं ते आता फोन उचलत नाहीत आणि सोर्स कोड आमच्याकडे नाही. आता नवीन फॅट मशीन घेतलंय ते एक्सेलमध्ये उघडणारी फाइल देतं, त्यात सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सगळं असतं, तरी सचिव अण्णा ती फाइल बघून एकेक आकडा परत हाताने टाइप करत बसतात. दोन्ही वेळचं मिळून तीनशेच्या आसपास नोंदी होतात. म्हटलं आपण स्क्रिप्ट लिहून देऊ, दोन दिवसांचं काम आहे. आज तिसरा आठवडा.

आकडे भरायचं जमलं. खोक्यांचे हँडल (विंडोज प्रत्येक विंडोला देतं तो ओळख क्रमांक) शोधून सेट टेक्स्टचा मेसेज पाठवला, नुसतं तेवढ्याने दर शून्यच यायचा कारण तो हिशोब एंटर दाबल्यावर होतो, म्हणून मागोमाग एंटरपण पाठवतो. आता दर, रक्कम सगळं बरोबर येतं. अडलंय ते फक्त सेव्हवर.

आधी पायऑटोगुईने (माऊस-कीबोर्ड चालवणारी पायथन लायब्ररी) केलं. सुरुवातीला काहीच होईना, मग कळलं की सॉफ्टवेअर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालतं, स्क्रिप्टपण तशीच चालवल्यावर क्लिक पडायला लागलं. पण ते खरा बाण हलवतं ना! अण्णा त्याच कॉम्प्युटरवर दुसरं काहीतरी करत असतात आणि मधेच बाण उडून सेव्हवर जातो. परवा त्यांनी वैतागून माऊस ओढला तर माझं क्लिक शेजारच्या 'डिलीट'वर पडलं, नशीब आधी 'खात्री आहे का' विचारलं. तेव्हापासून अण्णा म्हणतात, "बाळा, तुझं ते भूत आमच्या मशीनवर नको."

म्हणून आता विंडोजच्या पोस्टमेसेज फंक्शनने लेफ्ट बटन डाऊन आणि अप असे दोन मेसेज मुख्य विंडोच्या हँडलला पाठवतोय. फंक्शन एरर देत नाही आणि सेव्हही होत नाही. बटण आहे तिथलेच एक्स-वाय दिलेत, स्क्रीनशॉट पेंटमध्ये उघडून मोजले. स्पाय प्लस प्लसचं (कुठली विंडो कुठे आहे ते दाखवणारं टूल) ते गोल निशाण सेव्हवर नेलं तर बटणाभोवती चौकट येतच नाही, अख्ख्या खालच्या पट्टीभोवती येते. अजून एक विचित्र म्हणजे टॅब मारत गेलो तर फोकस सगळ्या खोक्यांवरून फिरतो पण सेव्हवर कधी थांबतच नाही.

विंडोज १०, डिस्प्ले स्केलिंग १२५%. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
क्लिकच्या मागे का लागताय, एवीतेवी माहिती ॲक्सेसच्या फाइलमध्येच जात असणार, थेट तिथे ओळी टाका की.

धागाकर्ता:
ते डोक्यात आलेलं दादा, पण सेव्ह केल्यावर सभासदाच्या खात्यात ॲडव्हान्सची कपात वगैरे अजून कुठेकुठे नोंदी पडतात. दहा दिवसांनी बिल काढताना एक जरी चुकलं तर माणसं माझ्या दारात येतील. तिथे हात लावायचा नाही.

प्रतिसाद २:
बरोबर आहे, तिथे जाऊ नका. ॲडमिनचं कोडं सांगतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये साध्या हक्काच्या प्रोग्रॅमला वरच्या हक्काच्या विंडोत इनपुट घुसवता येत नाही. त्यात सेंडइनपुट (माऊस-कीबोर्डचं इनपुट पाठवायचं विंडोजचं फंक्शन) तर या कारणाने अडलं हेसुद्धा सांगत नाही, परत आलेल्या आकड्यावरून वाटतं सगळं झालं. आणि स्केलिंग आधी १००% करा, जुना प्रोग्रॅम स्वतःला १००% वरच समजतो, तुम्ही स्क्रीनशॉटवर ५०० मोजलं तर त्याच्या हिशोबाने ते ४०० असतं.

प्रतिसाद ३:
उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे राव. टॅब थांबत नाही, स्पाय चौकट दाखवत नाही, म्हणजे ते बटण नाहीच, चित्र आहे. व्हीबी सिक्समधल्या इमेज आणि लेबल या कंट्रोलना स्वतःची विंडो नसते, हँडल नसतं, फोकस मिळत नाही, आपल्या कंटेनरच्या अंगावर ते नुसते रंगवलेले असतात. त्या काळी रंगीत बटणांची हौस होती, सगळे हेच करायचे. खरं कमांड बटण असतं तर बटण क्लिकचा एकच मेसेज पाठवून काम झालं असतं.

ती खालची पट्टी दिसते ना, ती फ्रेम (बाकीचे कंट्रोल ठेवायची चौकट) असणार, स्पायमध्ये क्लासचं, म्हणजे विंडोच्या प्रकाराचं, नाव बघा, थंडरआरटीसिक्सफ्रेम असेल. तुम्ही मेसेज मुख्य विंडोला टाकताय. खरा माऊस असता तर विंडोजने बाणाखाली कुठली विंडो आहे ते बघून फ्रेमला दिला असता, पोस्टमेसेज तसं काही शोधत बसत नाही, ज्याचं हँडल दिलं त्यालाच मेसेज. तेव्हा हँडल फ्रेमचं घ्या आणि एक्स-वायसुद्धा फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजा, स्क्रीनवरचे एक्स-वाय तसे बदलून द्यायला स्क्रीनटूक्लायंट फंक्शन आहेच. शेवटचा पॅरामीटर म्हणजे वाय गुणिले ६५५३६ अधिक एक्स, हे उलटं तर नाही ना केलंत?

धागाकर्ता:
उलटं नव्हतं केलं, पण फ्रेमच होती!! स्केलिंग १००% केलं, फ्रेमचं हँडल घेतलं, पहिल्याच फटक्यात 'नोंद सेव्ह झाली'चा खोका आला आणि बाण जिथल्या तिथे. फक्त आता स्क्रिप्ट तिथेच अडकून बसते, मी खोक्यातलं ओके हाताने दाबलं की मग पुढे सरकते. आधी पोस्टमेसेज होतं, मधे नादात सेंडमेसेज केलंय, त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद ३:
त्यानेच तर अडकतंय. सेंडमेसेज समोरच्याचं काम पूर्ण होईपर्यंत थांबतं, आणि समोरचा तुमच्या ओकेची वाट बघत थांबलाय. पोस्टमेसेज परत करा. मग खोका यायची वाट बघा, त्याचा क्लास #३२७७० असतो, त्यातलं ओके हे खरं बटण असतं, तिथे बटण क्लिक चालेल, तेही पोस्टनेच. पण आतला मजकूर वाचल्याशिवाय ओके दाबू नका.

धागाकर्ता:
शेवटचं वाक्य आधी वाचायला हवं होतं. काल डेटाच्या कॉपीवर संध्याकाळची फाइल चालवली, सगळ्या नोंदी पडल्या असं वाटलं, बेरीज घेतली तर ११ लिटर कमी. एका सभासदाचं खातं बंद आहे, तिथे 'सभासद चालू नाही' असा खोका आला आणि माझ्या स्क्रिप्टने त्यालाही बिनधास्त ओके केलं. आता मजकूर 'नोंद सेव्ह झाली' नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि सभासद नंबर दाखवते. अण्णांनी माऊस हातात धरून सगळं बघितलं, बाण एकदाही हलला नाही, तरी म्हणाले चार दिवस मी वहीतपण लिहिणार.