मदत हवी आहे: घरून बिबडे-पापड करते, पण धंद्यातल्या ओळखी कुठून काढायच्या?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. सहा वर्षं झाली, घरूनच ज्वारीचे बिबडे (आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि कुरडया करून विकते. एफएसएसएआयची म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे, लघुउद्योगांची उद्यम नोंदणीही केली आहे. कागदांचं काही राहिलेलं नाही. अडलंय ते माणसांपाशी.

माझं सगळं गिऱ्हाईक नात्यातलं, नाहीतर गल्लीतलं. मामेसासूंच्या व्याह्यांपर्यंत माल जातो, त्यापुढे नाही. त्यात "घरनंच शे ना" (घरचंच आहे ना) म्हणत किलोमागे वीस-तीस रुपये सोडावे लागतात आणि पैसे येतात दिवाळीला. बिबड्यांची मेहनत खान्देशातल्यांना सांगायला नको. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, धुऊन-वाळवून दळायची, पहाटे चारला चुलीवर घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत खाटेवर ओलं धोतर अंथरून सगळे बिबडे टाकून मोकळं व्हायचं. वाळले की कापडाला मागून पाणी लावून एकेक सोडवायचा. एवढं करून नात्याचाच भाव मिळतो, याचं फार वाईट वाटतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या गावी 97वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा नाशिकच्या एक बाई शेजारी उतरल्या होत्या. त्यांना बिबडा तळून दिला, तर दोन किलो घेऊन गेल्या. निघताना म्हणाल्या, "कार्ड द्या तुमचं, माझी मैत्रीण असा माल दुकानात ठेवते." कार्ड कुठलं? मुलाच्या वहीचं पान फाडून नंबर लिहून दिला. त्यांचा नंबर घ्यायचं मात्र सुचलं नाही. फोन आला नाही. आजही ते पान डोळ्यांपुढे येतं.

मग भावाच्या सांगण्यावरून जळगावला एका उद्योजक गटाच्या बैठकीला पाहुणी म्हणून गेले. सकाळी सातची बैठक, म्हणून आदल्या रात्री बहिणीकडे मुक्काम. तिथे प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात ओळख करून द्यायची. बिल्डर, विमावाले, सोलरवाले, सगळे घडाघडा बोलले. मी "घरगुती पापड करते" एवढंच म्हणून खाली बसले. वर्षाची फी माझ्या एका हंगामाच्या नफ्याहून जास्त निघाली. शिवाय दर आठवड्याला हजेरी, आणि चैत्र-वैशाखात सकाळी सातला माझे हात घाट्यात असतात. माणसं चांगली होती. एका केटरिंगवाल्या दादांनी तर आपुलकीने चौकशी केली, नंबरही दिला. पण पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

तालुक्याच्या गावात घरून काम करणाऱ्या तुम्ही सगळ्या दुकानदारांपर्यंत, केटरर्सपर्यंत कशा पोचलात? मी बचत गटात नाही, तरी प्रदर्शनात जागा मिळते का? आणि "घरीच करता ना, मग स्वस्तात द्या" याला काय उत्तर देता?

प्रतिसाद १ (धुळे)

ताई, मी घरी ब्लाउज शिवते. मला पहिली पन्नास गिऱ्हाइकं मॅचिंग सेंटरवाल्या काकांनी पाठवली, कारण अस्तर-लेस मी त्यांच्याकडूनच घेते. तुम्हीही ज्वारी, उडीद, पापडखार जिथून घेता तिथूनच सुरुवात करा. त्या दुकानदाराला तुमचा माल माहीत तरी आहे का?

दुकानात दुपारी तीनच्या सुमाराला जा, गर्दी नसते. पाव किलोचं पाकीट, वर नाव, नंबर आणि भाव छापलेला. छापलेल्या भावावर फारसं कोणी घासाघीस करत नाही, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं एवढंच उत्तर आहे. नंबर देऊन निघू नका, त्यांचाही घ्या आणि आठ दिवसांनी आपणच फोन करा.

उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या प्रदर्शनात जागा मुख्यतः गटांना मिळते. दोन-चार मैत्रिणी जमत असतील तर गट करायचं मनावर घ्याच. आणि तालुका कृषी कार्यालयात पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या जिल्हा संसाधन व्यक्तीची चौकशी करा. यंत्रासाठी 35 टक्के अनुदानाची ती योजना, पण मला वाटतं तुम्हाला तिचा खरा उपयोग ओळखींसाठी होईल: जिल्ह्यात मसाला, पापड, केळीचे वेफर्स कोण करतं ते या लोकांना ठाऊक असतं.

प्रतिसाद २ (सुरत)

मी पारोळ्याची, लग्न होऊन उधन्याला आले. इकडे उधना, लिंबायतला निम्मं खान्देश राहतं आणि बिबड्यांसाठी जीव टाकतं. भुसावळ-सुरत गाडी तुमच्या स्टेशनावरूनच येते. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला आम्ही येतोच. बोरी नदीच्या पात्रात भेटा, पाच किलो बांधून ठेवा. पैसे रोख, भाव तुमचा. आमच्या सोसायटीतल्या दोन किराणावाल्यांना मी स्वतः नेऊन दाखवते.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. ज्या किराणावाल्याकडून सहा वर्षं उडीद घेते, त्याला मी पापड करते हे आज पहिल्यांदा सांगितलं. उद्या नमुना आण म्हणाले. केटरिंगवाल्या दादांचा नंबरही पर्समध्ये सापडला, दुपारी तीनला फोन लावते. सुरतच्या ताई, पाच किलो तुमच्या नावाने बांधून ठेवते.