जिप्सीचा पुढचा ॲक्सल आणि पाटे: आधी काय हातात घेऊ?

गुरांचा_डॉक्टर (वेल्हे)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी, एमजी४१३डब्ल्यू, १९९९ ची. वडिलांनी घेतलेली, गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मी गुरांचा डॉक्टर. पावसाळ्यात केळदच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जायचं तर डांबर संपल्यावर पुढचे दोन-तीन किलोमीटर चिखल, घळी आणि खाचरांचे बांध. रात्री दोन वाजता फोन येतो, म्हैस अडलीय म्हणून. तिथे गाडी पोचलीच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ मड टायर टाकले. चिखलात फरक जमीन-अस्मानाचा पडला. पण तेव्हापासून साठच्या पुढे एखाद्या खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं थरथरायला लागतात. स्टीअरिंग हातात राहत नाही. वेग तीसपर्यंत उतरवला की मगच थांबतं. एकदा वरंधा घाटात हे झालं तेव्हा शेजारी बायको होती, ती आजही त्या गाडीत बसताना दाराची कडी धरून बसते.

दुसरी अडचण, गाडी फार आपटते. मागे कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा कंटेनर असतो. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात वीर्यकांड्या. कंटेनरची मान नाजूक असते. फोम लावलाय, पट्टा बांधलाय, तरी प्रत्येक दगडाला जीव वर-खाली होतो.

तिसरी, चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) घासतो.

पुण्यातल्या एका वर्कशॉपने सांगितलं, ॲक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली घेऊ, गाडी पाच इंच उचलू, पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप) टाकू, स्टीअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) लावू, सगळे प्रश्न मिटतील. पैसे टप्प्याटप्प्यानेच घालता येतील. कुठल्या क्रमाने करू?

---

पाटेवाला_सातारा

डॉक्टर, डॅम्परने थरथर झाकली जाते, जात नाही. आत काय झिजलंय ते कळेपर्यंत नवीन काही विकत घेऊ नका.

पुढचं एक चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा. टायरला घड्याळाच्या बारा आणि सहावर हात घालून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर हबचं बेअरिंग ढिलं. राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खुंटी.

मग चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे करायला सांगा आणि तुम्ही खाली आडवे होऊन टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) यांच्या प्रत्येक जॉइंटवर पंजा ठेवा. प्ले (ढिलेपणा) डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतो.

माझा अंदाज किंगपिनचा आहे. जिप्सीच्या नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) वर-खाली छोटी टेपर बेअरिंग असतात. पंचवीस वर्षांच्या गाडीत ती कुणी उघडलेलीच नसतात. जुने टायर हलके होते म्हणून तो ढिलेपणा खपून गेला. टायर जड झाले आणि तोच बाहेर आला.

---

मुळशीकर_४बाय४

मी स्वतः स्प्रिंग-ओव्हर केलेली (म्हणजे ॲक्सल पाट्यांखाली घेतलेली) गाडी तीन वर्षं चालवलीय, म्हणून लिहितो. दगडांवर ती सुंदर चालते. तुमच्या कामाला ती नको.

पाच इंच उचलल्यावर स्टीअरिंग बॉक्स वर जातो, ॲक्सल खालीच राहतो, म्हणजे ड्रॅग लिंक तिरकी उभी राहते. मग चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग न फिरवताही गाडी बाजूला ओढते. रात्रीच्या घाटात, थकलेल्या माणसाला हे नकोच. ड्रॅग लिंक वेगळी बनवावी लागते, ब्रेकचे होज लांब करावे लागतात, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जास्त कोनात फिरून लवकर जातात. शिवाय मागे जोर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, त्यासाठी आणखी एक दांडा लावायचा. एका कामातून चार कामं निघतात.

आणि डिफबद्दल एक गोष्ट सगळेच विसरतात. पाटे कितीही उचला, चेसिस वर जाते, डिफ आहे तिथेच राहतो. डिफ फक्त टायर उचलतो. २०५/७० चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३४. फरकाच्या निम्मं, म्हणजे ३३ मिलिमीटर तुम्ही आधीच मिळवलेत. मधला उंचवटा टाळायचा तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर ठेवून जायचं, दुसरा इलाज नाही.

पुढे लॉकर अजिबात नको. मॅन्युअल स्टीअरिंग लॉकरसोबत वळवताना खांदे भरून येतात, आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जोर दिला की बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) तुटतो. कधी लावलाच तर मागे.

---

नोंदणी_आधी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच मुद्दा काढेल. पाच इंचांचा विचार करण्याआधी हे डोक्यात असू द्या. टायरसाठीही आरटीओत विचारून घ्या.

---

गुरांचा_डॉक्टर (वेल्हे)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावातल्या मेकॅनिकला घेऊन बसलो. बारा-सहा करून पाहिलं. उजव्या चाकाला ब्रेक दाबल्यावरही खटखट तशीच.

नकल उघडली. आत ग्रीस नव्हतंच, काळं पातळ तेल होतं, ताकासारखं वाहणारं. वरच्या बेअरिंगच्या वाटीत रोलर जिथे सरळ रेषेत टेकतात तिथे नखाला लागतील असे चर पडलेत. रोलर त्या चरांत बसतात आणि स्टीअरिंग मधोमध अडकल्यासारखं होतं. मला वाटायचं, गाडीची सवयच तशी आहे. डाव्या बाजूला चर कमी, पण गंज जास्त.

तीन प्रश्न. तेल कुठून आलं? शिम (बेअरिंग घट्ट-ढिलं करणाऱ्या पातळ चकत्या) किती घालायच्या? आणि पाट्यांचं काय करू?

---

पाटेवाला_सातारा

तेल डिफचं. हौसिंगच्या (ॲक्सलच्या नळीच्या) आतलं सील गेलं की डिफचं तेल नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. दोन्ही बाजूंची आतली सील आणि बाहेरचं गोल सील, सगळी नवी घाला. जुनं सील वाचवलंत तर वर्षभरात पुन्हा हेच उघडाल. डिफच्या तेलाची पातळीही बघा, कमी झालेली असणार.

बेअरिंग चारही बदला, वाट्यांसकट. शिम अंदाजाने घालायच्या नाहीत. टाय रॉड सोडलेला, गोल सील अजून बसवायचं राहिलेलं, अशा वेळी नकलच्या हाताच्या भोकात वजनकाटा अडकवून ओढायचं आणि नकल किती किलोला हलते ते मॅन्युअलशी ताडायचं. ढिली असेल तर वरची शिम कमी करायची, घट्ट असेल तर वाढवायची. मेकॅनिक म्हणेल हाताने कळतं. त्याला काटा आणून द्या.

आता पाटे. गाडी आपटते कारण पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. गंजाने सगळी थप्पी एकच जाड पट्टी झालेली असते. सेंटर बोल्ट सोडून एकेक पाटा वेगळा करा, वायर ब्रशने उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावा. कुठला पाटा चिरलाय का ते टोकांपाशी नीट बघा. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बुश नवे घाला, आणि हे लक्षात ठेवा: शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर असताना आवळलेत तर रबर पिळलेलंच राहतं आणि महिनाभरात फाटतं.

लांब शॅकल घालून उंची मिळवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. जिप्सीचा पुढचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाटा पुढे खाली झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, चाकं सरळ राहत नाहीत आणि थरथर परत येते. मग लोक पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर वाढवतात, त्याने डिफचं तोंड खाली जातं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. नकल हौसिंगलाच जोडलेली असल्यामुळे एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

---

मुळशीकर_४बाय४

एवढं झाल्यावर सहा महिने चालवा. तरीही उंची हवी वाटली तर दोन इंचाचे मऊ पाटे, आणि त्यासोबत तेवढेच लांब शॉकअप. एक चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का ते मोजा. ते मोजल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

---

गुरांचा_डॉक्टर (वेल्हे)

काम झालं. नकलला तीन दिवस, पाट्यांना दोन. पुढच्या डाव्या थप्पीतला तिसरा पाटा टोकापासून चार बोटांवर चिरलेला निघाला, तो नवा घातला. गंज घासून काढला तो पत्र्याचा डबा भरून झाला.

काल पंच्याहत्तरपर्यंत नेली, मुद्दाम त्याच घाटातल्या त्याच खड्ड्यावरून. स्टीअरिंग एकदा हललं आणि स्थिर झालं. वळणातून बाहेर पडताना ते आपोआप सरळ येतंय. हे मी या गाडीत पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

रात्री केळदला जाऊन आलो, एक गाय व्यायली, वासरू आडवं होतं. येताना घळीतून उतरताना कंटेनरचा आवाज ऐकायला मान मागे वळवली, आवाज नव्हता. लॉकरचे पैसे तसेच आहेत, त्यातून आधी मागची थप्पी करतो.

---

पाटेवाला_सातारा

छान. शंभर किलोमीटर झाले की पुढच्या दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) पुन्हा आवळा. नवीन ग्रीसवर थप्पी बसते आणि नट ढिले पडतात.