मदत हवी आहे : महिला आयोग स्थापन झाला त्या काळाबद्दल

बचत गटातल्या मुलींसाठी राज्य महिला आयोगावर टिपण लिहितेय. १९९२ मध्ये राष्ट्रीय आयोग, १९९३ मध्ये आपल्या राज्याचा, १९९४ मध्ये महिला धोरण, एवढं मिळालं. पण त्यामागे झटलेल्या बायकांचं काय? मथुरा प्रकरणानंतर (मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला आणि आरोपी पोलीस सुप्रीम कोर्टातून सुटले, ते प्रकरण) १९८० मध्ये निघालेल्या मोर्चांत गेलेलं इथे कुणी आहे का? तेव्हाची पत्रकं, कात्रणं घरात असतील तर कृपया फोटो टाका, अगदी फाटकी असली तरी चालतील.

शिवाय, अर्ज दिला की आयोगच नवऱ्याला तुरुंगात टाकतो, असं एकीला ठाम वाटतं. आयोग समन्स काढून बोलावतो, चौकशी करतो, सरकारला शिफारस करतो. शिक्षा कोर्टच देतं. हे तिला सोप्या भाषेत, पण तिचा धीर न खचवता कसं सांगू?