तार नुसती ताणू नका, आधी तपासा

शिडाच्या बोटीची दिशा बदलणाऱ्या चाकात ढिलेपणा आलाय, तर चाकापासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारेचा नट आवळून भागेल का, असा प्रश्न आहे. तार जुनी असेल तर नाही भागणार. ती तुटते बहुधा कप्पीवर वळते तिथेच. मधला सरळ भाग शेवटपर्यंत चकचकीत दिसतो आणि फसवतो.

टिश्यू पेपरला थोडं मशीन ऑइल लावून तो पूर्ण लांबीवर फिरवा. उघडा हात अजिबात नको. कागद अडकून फाटला म्हणजे तंतू तुटलाय. मग तार बदलायचीच, आणि जोडीची दुसरीही. कप्पीखाली बारीक चमकता भुगा दिसला, तर कप्पी तारेच्या रेषेत नाही. ती आधी सरळ करा, नाहीतर नवी तारही तशीच झिजेल.

नवी तार स्टेनलेसची, ७×१९ विणीची (सात पेड, प्रत्येकात १९ तंतू), मूळ जाडीचीच. १×१९ (१९ तंतूंचा एकच पेड) डोलकाठीच्या ताणतारांना उत्तम, पण कप्पीवर वळायला फार ताठ. जुनी काढण्यापूर्वी फोटो घ्याच: काही बोटींत तारा चाकाच्या खांबाखाली एकमेकींना छेदून जातात. तिथे चूक झाली की चाक उजवीकडे फिरवल्यावर बोट डावीकडे वळते.

ताण देताना चाक मध्यावर घट्ट बांधा आणि क्वाड्रंट, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावरचा तारा जोडलेला पाव-चकतीसारखा भाग, हाताने हलवून बघा. तो हलायला नको. पण चाक जड फिरू लागलं तर जास्त आवळलंय. क्वाड्रंट दोन्ही टोकांना अडसरावर टेकायला हवा, त्याआधी तारांना जोडलेल्या साखळीचं टोक चाकाच्या आसावरच्या दातेरी चक्रावर येता कामा नये. नवी तार थोडी ताणते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा.